लघवीतलं प्रोटीन: तपासणी कोणती, नमुना कसा, आकडा कसा वाचायचा

दहा वर्षांचा मधुमेह. वर्षाकाठी रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) तपासून होतं, रिपोर्टात ०.९ नाहीतर १.० छापून येतं, आणि किडनी ठणठणीत असं समजून फाइल कपाटात जाते. त्याच माणसाच्या लघवीतून कदाचित दोन-तीन वर्षांपासून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पाझरत असतं. रक्तातलं क्रिएटिनिन हलायला किडनीची बरीच ताकद आधी खर्ची पडावी लागते. मधुमेहात आणि किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या चाळणीच्या इतर बहुतेक आजारांत गळती त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

निरोगी किडनी दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळते आणि तरीही चोवीस तासांत लघवीत उतरणारं अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत राहतं. एकूण प्रोटीन १५० मिलिग्रॅमच्या आत. त्यातही मोठा वाटा युरोमोड्युलिनचा असतो. हे प्रथिन रक्तातून गळलेलं नसतं, किडनीच्या नलिका स्वतःच ते तयार करतात. म्हणून "लघवीत थोडं प्रोटीन आहे" या वाक्याला तसा अर्थ नाही. कोणतं प्रोटीन, किती, आणि किती महिने टिकून आहे, हे तीन प्रश्न सुटले तरच उपयोग.

लॅबच्या कागदावर काय लिहून घ्यायचं

"युरीन रुटीन" एवढंच लिहिलं तर लॅब पट्टी बुडवून रंग बघते आणि निल, ट्रेस, १+, २+ असं कळवते. ही चाचणी स्वस्त आहे, सगळीकडे होते आणि काही कामांसाठी पुरेशी आहे. पण मधुमेह किंवा रक्तदाबाच्या पेशंटसाठी ती अपुरी पडते, कारण पट्टीला अल्ब्युमिन दिसू लागतं ते साधारणपणे डेसिलिटरला १५ ते ३० मिलिग्रॅमच्या पुढे. सुरुवातीची गळती त्याच्या खालीच असते.

मागायची तपासणी म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर, अर्थात एसीआर. अनेक लॅबच्या यादीत ती अजून "मायक्रोअल्ब्युमिन" या जुन्या नावानं असते. नाव चालेल, पण काउंटरवर एक प्रश्न विचाराच: "सोबत लघवीतलं क्रिएटिनिन मोजून रेशो देता ना?" नुसतं मायक्रोअल्ब्युमिन लिटरमागे किती, एवढाच आकडा मिळणार असेल तर पैसे वाया. का, ते पुढे हिशेबात दिसेल.

पीसीआर म्हणजे एकूण प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. गळती मोठी असेल, गरोदरपण असेल किंवा अल्ब्युमिनखेरीज दुसरं काही गळतंय असा संशय असेल तेव्हा ते कामाचं. (कोविडच्या स्वॅबचं पीसीआर वेगळं. काउंटरवर हा घोळ खरोखर होतो, म्हणून "युरीन प्रोटीन क्रिएटिनिन रेशो" असं पूर्ण लिहावं.)

मधुमेह टाइप २ असेल तर निदान झालं त्याच दिवसापासून दर वर्षी एसीआर. टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर दर वर्षी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, घरात किडनीचा आजार, आयुष्यात कधी तरी किडनीला अचानक झालेली मोठी इजा, यांतलं काही असेल तरी ही तपासणी व्हायला हवी. आणि तिच्या जोडीला रक्तातलं क्रिएटिनिन व त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज. एकावाचून दुसरं अर्धवट.

नमुना

चुकीच्या रिपोर्टांचं मूळ मशीनपेक्षा डबीत जास्त सापडतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. रात्रभर माणूस आडवा असतो, लघवी दाट असते, दिवसभराच्या हालचालीचा परिणाम नसतो. दुपारचा नमुना चालतच नाही असं नाही, पण त्यात ३० च्या वर आकडा आला तर सकाळच्या नमुन्यावर खात्री करून घ्यावी.

आधी बघा, आजचा दिवस योग्य आहे का. ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, पाळी सुरू असेल किंवा नुकतीच संपली असेल, साखर खूप चढलेली असेल, रक्तदाब बेसुमार असेल, तर थांबा. आदल्या चोवीस तासांत जोराचा व्यायाम झाला असेल तरी थांबा. गड चढून आल्यावर किंवा वारीत दिवसभर चालल्यावर दिलेल्या लघवीत अल्ब्युमिन काही काळ वाढलेलं सापडू शकतं, आणि ते किडनीच्या आजाराचं नसतं. शरीरसंबंधानंतरची पहिली लघवी पुरुषांनी देऊ नये, वीर्यातल्या प्रथिनांनी आकडा फुगतो. बायकांना अंगावरून पांढरं जात असेल तर तीच अडचण.

डबी लॅबचीच घ्या, कोरडी. औषधाची धुतलेली बाटली नको. साबण, डेटॉलसारखं जंतुनाशक किंवा क्लोरहेक्सिडिनचा अंश राहिला तर काही पट्ट्यांवर खोटा हिरवा रंग उमटतो. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुऊन पुसा, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली २० ते ३० मिलिलिटर धरा. नमुना जास्त यावा म्हणून तासभर आधी तांब्याभर पाणी पिऊ नका.

शक्यतो दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ४ अंशांच्या आसपास. तिथे अल्ब्युमिन आठवडाभर टिकतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका: साध्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये अल्ब्युमिनचा काही भाग साका होऊन खाली बसतो आणि आकडा खोटाच कमी येतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत चार तास पडलेली डबी हा उलट प्रकार. जंतू वाढतात, युरियाचा अमोनिया होतो, लघवी अल्कली होते, आणि पट्टी नसलेलं प्रोटीन दाखवते.

रक्ताचा नमुना त्याच दिवशी द्यायचा असेल तर आदल्या रात्री मटण-चिकन नको. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन रक्तात येतं आणि ईजीएफआर विनाकारण उतरलेला दिसतो. बारा तासांचं अंतर पुरे.

हिशेब

गुणोत्तर कशासाठी, ते एका उदाहरणावर बघू. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन लिटरला ८६ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन डेसिलिटरला ६४ मिलिग्रॅम आलं. ६४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला ०.६४ ग्रॅम. ८६ ला ०.६४ नं भागा: १३४ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. आता हाच माणूस दोन दिवसांनी भरपूर पाणी पिऊन नमुना देतो. अल्ब्युमिन लिटरला फक्त १८, क्रिएटिनिन १५. नुसता पहिला आकडा बघणारा म्हणेल, वीसच्या आत, नॉर्मल. पण १८ ला ०.१५ नं भागलं की १२० येतात. किडनी तीच, गळती तीच. लघवी पातळ झाली होती, इतकंच.

आता एककं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति ग्रॅम लिहितात, काही मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम. दोन्ही एकच, आकडा बदलत नाही. मिलिग्रॅम प्रति मिलिमोल मात्र वेगळं आहे, त्याला ८.८४ नं गुणलं की प्रति ग्रॅमचा आकडा मिळतो. लंडनहून किंवा सिडनीहून आलेल्या मुलाच्या रिपोर्टात ३० दिसले आणि इथल्या वडिलांच्या रिपोर्टातही ३०, तर दोघांची स्थिती सारखी नाही. मुलाचे ३० म्हणजे इथले जवळपास २६५. आणि लॅबनं अल्ब्युमिन डेसिलिटरमध्ये लिहून लिटरचं सूत्र वापरलं तर उत्तर दहापट चुकतं. रिपोर्टात तिन्ही आकडे छापलेले असतात. एकदा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागून बघायला मिनिटही लागत नाही.

केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गवारीत एसीआर ३० च्या खाली असेल तर ए १, ३० ते ३०० असेल तर ए २, ३०० च्या वर ए ३. एकूण प्रोटीनच्या गुणोत्तरात हेच टप्पे ढोबळमानानं १५० आणि ५०० वर पडतात. एसीआर २,२०० च्या पुढे गेला की गळती नेफ्रॉटिक म्हणण्याइतकी असते, म्हणजे चोवीस तासांत साडेतीन ग्रॅमच्या घरात. तेव्हा पायावर सूज, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवीवर न विरणारा फेस अशी लक्षणं दिसू लागतात. नुसता फेस मात्र पुरावा नव्हे. कमोडमध्ये जोरात पडलेली धार, संडास धुण्याचं लिक्विड, दोन्हींनी फेस होतो.

२०१२ पासून केडीगोनं "मायक्रोअल्ब्युमिनुरिया" हा शब्द टाळायला सांगितलं आहे, आणि ते योग्यच झालं. "मायक्रो" ऐकून पेशंटला वाटतं, सूक्ष्म आहे, चिंता नाही. ए २ मध्ये असणाऱ्याला हृदयविकाराचाही धोका वाढलेला असतो.

एका रिपोर्टावर शिक्का मारू नका

अल्ब्युमिनचा आकडा रोज हलतो. आज ४८, पुढच्या आठवड्यात २६, हे काही आश्चर्य नाही. म्हणून पहिला आकडा ३० च्या वर आला की तीन ते सहा महिन्यांत आणखी दोन नमुने, आणि तिनांपैकी दोन वर असतील तरच गळती टिकाऊ मानायची. दीर्घकालीन किडनीविकार हे नाव द्यायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो, त्यामागचंही कारण हेच.

याला अपवाद आहे. गळती नेफ्रॉटिक असेल, लघवी चहाच्या रंगाची होत असेल, क्रिएटिनिन आठवड्या-आठवड्याला चढत असेल, तर तीन महिने वाट पाहणं ही चूक. अशा पेशंटला त्याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवायचं.

शाळा-कॉलेजातल्या पोरांबाबत एक वेगळी गंमत आहे. मेडिकलमध्ये पट्टी १+ येते, घरचे हादरतात, आणि बऱ्याचदा ते फक्त उभं राहिल्यावर गळणारं प्रोटीन निघतं. पडताळणी सोपी. रात्री झोपण्याआधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. सकाळी उठल्या उठल्या, घरात फिरण्याआधी, पहिला नमुना धरायचा. दुसरा दुपारी. सकाळचा स्वच्छ आणि फक्त दुपारचा वाढलेला असेल, लघवीत रक्तपेशी नसतील, रक्तदाब नीट असेल, तर हा आजार नाही. रात्री मूत्राशय रिकामं करायचं राहिलं तर संध्याकाळची लघवी सकाळच्या डबीत मिसळते आणि सगळी परीक्षाच फुकट जाते.

क्रिएटिनिन नावाचा भाजक

गुणोत्तरात खालचा आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनचा असतो आणि तो स्नायूंवर अवलंबून असतो. पुरुष रोज वजनाच्या किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन टाकतो, बाई १५ ते २०. चाळीस किलोच्या, हातापायांच्या काड्या झालेल्या सत्तर वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन कमीच असणार. भाजक लहान, म्हणून एसीआर फुगलेला. उलट रोज जोर-बैठका मारणाऱ्या नव्वद किलोच्या पैलवानाचा एसीआर खऱ्या गळतीपेक्षा कमी दिसतो. आकडा सीमारेषेवर असेल आणि शरीरयष्टी या दोन टोकांची असेल, तर चोवीस तासांची लघवी गोळा करावी.

ती गोळा करताना चुकतं ते नेहमी सुरुवातीला आणि शेवटी. सकाळी सात वाजता मूत्राशय रिकामं करा आणि *ती लघवी टाकून द्या*. घड्याळ तिथून सुरू. नंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, शौचाच्या वेळची आणि रात्रीची धरून. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा लघवी करायची, ती *कॅनमध्ये घालायची*, आणि थांबायचं. कॅन सावलीत, थंड जागी. पूर्ण गोळा झाली की नाही हे एकूण क्रिएटिनिन सांगतं: ५८ किलोच्या पुरुषाचं १,१६० ते १,४५० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. ७०० आलं तर अर्धा दिवस कॅनबाहेर गेलाय, प्रोटीनचा आकडा वाचूच नका.

पट्टी खोटं कधी बोलते

पट्टीवरचा पिवळा चौकोन म्हणजे टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू हा रंगद्रव्याचा प्रकार आणि आम्लता (पीएच; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ३ च्या आसपास धरून ठेवणारं बफर. अल्ब्युमिन रंगाला चिकटलं की आम्लता तीच राहूनही रंग हिरवा-निळा होतो. त्यामुळे लघवीच इतकी अल्कली असेल की बफर हरेल, तर प्रोटीन नसतानाही हिरवं. आणि अल्ब्युमिन सोडून इतर प्रथिनं रंगाला फारशी चिकटत नाहीत, त्यामुळे ती भरपूर असूनही पट्टी पिवळी. ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

घरी पट्ट्या वापरणाऱ्यांनी डबीचं झाकण लगेच लावावं, आतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी महिनाभरात कुचकामी होते. पट्टी क्षणभर बुडवून कडेला टेकवून निथळवा, प्रोटीनचा चौकोन डबीवर दिलेल्या वेळेला वाचा, बहुतेक ब्रँडमध्ये साठ सेकंद. पाच मिनिटांनी वाचलेला रंग वाचायचा नसतो.

पट्टीच्या १+ चा अर्थ डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. सकाळच्या दाट लघवीतलं १+ आणि पाण्यासारख्या लघवीतलं १+ यांत मोठा फरक आहे, दुसरं जास्त गंभीर. पट्टीवरच्या विशिष्ट गुरुत्वाच्या (लघवी किती दाट ते सांगणाऱ्या) चौकोनाकडे म्हणून बघायचं: १.०३० ला आलेला ट्रेस सोडून देण्यासारखा असू शकतो, १.००५ ला आलेला ट्रेस एसीआरला पाठवावा.

लॅब चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अल्ब्युमिन मोजण्याच्या टर्बिडिमेट्रीत (गढूळपणावरून मोजण्याच्या पद्धतीत) अँटिबॉडी ठरावीक असते. अल्ब्युमिन प्रचंड असेल तर जाळं नीट विणलं जात नाही आणि मशीन कमी आकडा देऊ शकतं. पट्टी ४+ आणि मशीनवर ४० मिलिग्रॅम, असा प्रकार दिसला की रिपोर्ट सोडू नका. नमुना पातळ करून पुन्हा चालवा. गढूळ लघवी आधी सेंट्रिफ्यूज करा.

एसीआर आणि पीसीआर जुळत नाहीत तेव्हा

सरसकट दोन्ही करायची गरज नाही. पण संशय आला तर एकाच डबीतून दोन्ही करा, कारण त्यांच्यातली तफावत फार बोलकी असते. चाळणी फाटली असेल तर गळणाऱ्यात अल्ब्युमिनचाच भरणा असतो. एकूण प्रोटीनमध्ये अल्ब्युमिन ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर गळती चाळणीतून नसून दुसरीकडून आहे असा कयास.

पासष्टीचा माणूस, पाठ दुखते, हिमोग्लोबिन ८, पट्टीवर ट्रेस, एसीआर १८०, आणि पीसीआर २,२००. हे लाइट चेन या अँटिबॉडीच्या तुकड्यांचं चित्र आहे, म्हणजे मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग. ही प्रथिनं १८४० च्या दशकात लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी वर्णिली, म्हणून बेन्स जोन्स प्रोटीन. पट्टी ती चुकवते. सल्फोसॅलिसिलिक अॅसिड घातलं की मात्र लघवी दुधासारखी गढूळ होते. पुढे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या. उशीर करू नये, आणि तोवर पाठदुखीवर डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी अजिबात नको.

दुसरी तफावत नलिकांच्या बिघाडाची. छोटी प्रथिनं चाळणीतून नेहमीच सुटतात आणि पुढे नलिका ती परत शोषून घेतात. नलिका आजारी पडल्या की अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन लघवीत येतात. एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल घेणाऱ्या काही जणांत हे होतं: पीसीआर वाढलेला, एसीआर त्या मानानं कमी, रक्तात फॉस्फरस उतरलेला, आणि रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर. (डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर लघवीतली साखर औषधामुळेच असते, तो पुरावा बाजूला ठेवा.) या तिघांत बीटा-२ सांभाळायला अवघड, आम्लधर्मी लघवीत ते मूत्राशयातच मोडून जातं. पीएच सहाच्या खाली असेल तर निगेटिव्ह रिपोर्टाला किंमत नाही. अल्फा-१ किंवा रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन निवडावं.

हे फक्त पुस्तकी नाही. गोव्यातलं काणकोण, आंध्रातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरचे ऊसपट्टे, या भागांत मधुमेह-रक्तदाब नसलेल्या, बहुतेक शेतात राबणाऱ्या लोकांत किडनी निकामी होताना दिसते. कारणाबद्दल अजून एकमत नाही. त्यात नलिका आणि भोवतालचा भाग आधी जातो, चाळणी उशिरा, त्यामुळे एसीआर बराच काळ नॉर्मल किंवा किंचित वाढलेला राहतो. अशा गावात फक्त लघवीची पट्टी घेऊन शिबिर भरवलं तर आजारी माणूसही "निल" घेऊन घरी जाईल. तिथे रक्तातलं क्रिएटिनिन हवंच.

आणखी एक चौकशी प्रत्येक पेशंटची करावी: गोरं करणारं क्रीम, "आयुर्वेदिक" म्हणून मिळालेली बिननावाची पुडी, भस्म. अशा वस्तूंतल्या पाऱ्यामुळे होणाऱ्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या (चाळणीच्या एका आजाराच्या) नोंदी वेल्लोरहून पारंपरिक औषधांबाबत आणि केरळातून क्रीमबाबत आल्या आहेत. तिच्या अनेक रुग्णांच्या बायोप्सीत नेल-१ हे प्रथिन सापडतं. चांगली गोष्ट अशी, की पारा बंद केल्यावर बऱ्याच जणांची गळती महिन्यांत उतरते.

नव्या मार्करांचं काय

एनगॅल, किम-१, एल-एफएबीपी ही नावं महागड्या पॅकेजांत दिसू लागली आहेत. ही सगळी नलिकांना बसलेल्या झटक्याची खूण देतात आणि त्यांचा मुख्य उपयोग अचानक होणाऱ्या किडनी इजेत, आयसीयूत, बायपासनंतर. टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ यांची जोडचाचणी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली तीही अशाच गंभीर आजारी पेशंटसाठी. एनगॅल तर लघवीच्या जंतुसंसर्गातही वाढतं, कारण पांढऱ्या पेशींत ते असतंच.

दीर्घकालीन आजारासाठी गाजलेला प्रयोग सीकेडी-२७३ चा. लघवीतल्या २७३ पेप्टाइडांचा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीनं वाचून गळती सुरू होण्याआधीच धोका सांगायचा. प्रायॉरिटी या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: टाइप २ मधुमेहाचे, नॉर्मल एसीआर असलेले १,७७५ लोक. जास्त धोक्याच्या गटात २८ टक्क्यांना पुढे अल्ब्युमिनची गळती लागली, कमी धोक्याच्या गटात ९ टक्क्यांना. भाकीत चांगलं. पण जास्त धोक्याच्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊनही गळती टळली नाही. म्हणजे चाचणीनं धोका ओळखला, त्यावर काय करायचं ते मात्र हाती आलं नाही. तुमच्या खिशातून पैसे जाणार असतील तर आज उत्तर सोपं आहे: तेच पैसे नियमित एसीआरवर घाला.

उपचार सुरू झाल्यावर

किती दिवसांनी तपासायचं हे एसीआर आणि ईजीएफआर दोन्हींवर ठरतं. ईजीएफआर ६० च्या वर आणि ए १ किंवा ए २ असेल तर वर्षातून एकदा. ४५ ते ५९ मध्ये ए २ असेल तर दोनदा. ए ३ असेल तर ईजीएफआर कितीही चांगला असला तरी वर्षातून तीनदा आणि नेफ्रॉलॉजिस्टची गाठ. ३० च्या खाली ईजीएफआर गेला की तीन ते चार वेळा, एसीआर नॉर्मल असला तरी.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांतलं काही सुरू केलं किंवा डोस वाढवला, की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर गोळी बंद करायची नाही. चाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण आहे. १.२ चं १.४ झालं म्हणून घाबरून गोळी सोडणारे पुष्कळ, आणि मग एसीआर पुन्हा होता तिथे. १.२ चं १.७ झालं तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा. जुलाब-उलट्या लागल्या तर या गोळ्या काही दिवस थांबवायच्या का, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एसीआर तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, सकाळच्याच नमुन्यावर. ६४० वरून ५८० आला तर तो रोजच्या चढउतारातला फरक आहे, पेढे वाटू नका. ६४० वरून ४१० म्हणजे ३६ टक्के घट; ३० टक्के किंवा अधिक घट हे ठेवण्यासारखं लक्ष्य आहे. उलट दिशेनं आकडा दुप्पट झाला तर तो चढउतार नसतो, कारण शोधायचं: औषधं नियमित आहेत का, दाब किती, मध्येच दुखण्याच्या गोळ्या किंवा पुडी सुरू झाली का.

औषध चालू असून आकडा हलत नसेल तर पहिला संशय मिठावर घ्या. जास्त मिठानं टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांची प्रोटीन कमी करण्याची ताकद बोथट होते. "आम्ही वरून मीठ घेत नाही" हे खरं असतं, पण पापड, लोणचं, फरसाण, चटणी हिशेबात धरलेली नसते. चोवीस तासांच्या लघवीत सोडियम मोजून घ्या: ९० मिलिमोल म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. १८० आलं तर दहा ग्रॅम पोटात जातंय, घरचे काहीही म्हणोत.

डाळ मात्र बंद करू नका. लघवीत प्रोटीन गेलं म्हणजे ताटातलं प्रोटीन जास्त झालं, असा समज घरोघरी आहे आणि त्यापायी माणसं वरण-भातातलं वरण सोडतात. गळती चाळणीतून होते, ताटातून नाही. ईजीएफआर ६० च्या खाली असलेल्यांनी वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन घ्यावं, म्हणजे साठ किलोच्या माणसानं दिवसाला ४८ ग्रॅम. आपल्या शाकाहारी ताटात अनेकदा तेवढंही नसतं.

मधुमेह आहे म्हणून प्रत्येक गळती मधुमेहाचीच असंही नाही. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. मधुमेह जेमतेम तीन वर्षांचा, पडदा स्वच्छ, लघवीत रक्तपेशी, आणि प्रोटीन अचानक तीन ग्रॅम, असं असेल तर दुसरं काही तरी चालू आहे आणि बायोप्सीचा विषय काढायला हवा.

रिपोर्ट फाइलमध्ये लावताना कोऱ्या पानावर एक तक्ता ओढा: तारीख, नमुना सकाळचा की दुपारचा, एसीआर एककासकट, क्रिएटिनिन, ईजीएफआर, त्या दिवसाचा रक्तदाब, चालू गोळ्या. डॉक्टर बदलला तरी हे पान सोबत न्या, आणि नव्या रिपोर्टातलं एकक आधीच्या ओळीशी जुळतंय का ते आकडा लिहिण्याआधी बघा.